डब्याला लू लागू नये म्हणून

वैभवीच्या लॅपटॉपवर दोन रेषा होत्या आणि त्या दोघींचं काही केल्या पटत नव्हतं. निळी रेषा कॉलेजच्या महागड्या तापमापकाची. संथ, घरंदाज, कशाने विचलित न होणारी. लाल रेषा वैभवीने स्वतः एका डब्यात जोडलेल्या स्वस्तातल्या यंत्राची, आणि ती बाई एक मिनिट स्वस्थ बसेल तर शपथ! दोन्ही यंत्रं सोमवारपासून नागपुरात, तिच्या प्रतापनगरच्या घराच्या गच्चीवर शेजारी शेजारी ठेवली होती. शनिवारपर्यंत लाल रेषा निळीवर नीट बसली तर कॉलेजातले तिचे मार्गदर्शक प्रेमानंद सर वैभवीची यंत्रं उमरेडकडच्या शाळांत लावणार होते. नाही बसली तर बाहेरून विकतची आणायची आणि वैभवीची वर्षभराची मेहनत माळ्यावर टाकायची.

थरथर घालवणं सोपं होतं. प्रत्येक आकड्याची आजूबाजूच्या आकड्यांशी सरासरी काढली की एखाददुसऱ्याचा आगाऊपणा शेजाऱ्यापाजाऱ्यांत विरून जातो. लाल रेषा जराशी वरून चालायची, तिला वैभवीने खाली ओढून घेतलं. सकाळ जुळली, रात्र जुळली. भर दुपारी मात्र लाल रेषा धाडकन खड्ड्यात पडायची, ती तासाभराने कशीबशी वर यायची. बाहेर पंचेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि हिचं यंत्र म्हणतंय छान गारवा सुटलाय!

गुरुवारी वैभवीने घाईतला माणूस करतो तेच केलं. सरासरी आणखी लांबरुंद केली. खड्डा बुजला, पण त्याच्यासोबत दुपारचं शिखरही बसलं. सरांनी ते चित्र पाहून चष्मा काढला.

"इतकी इस्त्री फिरवशील तर नागपूरची दुपार चिखलदऱ्याची होऊन जाईन," ते म्हणाले. "खड्डा बुजवू नको वं. तो काहून पडून राहिला ते पाहा."

वैभवी चिडली, कारण सरांचं बरोबर होतं. घरी कोणाजवळ मन मोकळं करावं तर नवरा सौरव कळमेश्वरच्या कारखान्यातून रात्री जेवायच्या वेळेलाच उगवायचा. उरले सासरे रुपराव. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. ती त्यांना मामाजी म्हणायची, पण लग्नाला सहा महिने झाले तरी दोघांचं बोलणं "चहा झाला का?" आणि "हो मामाजी" याच्या पलीकडे गेलं नव्हतं. यंत्रं गच्चीवर चढली त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "आता कुरडया कुठं वाळवाच्या?" तेव्हापासून वैभवीच्या मनाने घेतलं होतं की मामाजींना तो डबा आवडत नाही, आणि डबेवालीही. याचं तिला फार वाईट वाटायचं.

शुक्रवारी ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून भर दुपारी घरी आली आणि चपलाही न काढता थेट गच्चीवर गेली. वायर सैल असेल, मुंग्या शिरल्या असतील, काहीतरी सापडेलच.

सापडले मामाजी. डोक्याला टॉवेल बांधलेला, शेजारी बादली, आणि हातातला ओला दुपट्टा ते तिच्या डब्याभोवती गुंडाळत होते. अगदी हलक्या हाताने.

"मामाजी! काय करून राहिले तुम्ही?"

मामाजी चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "काई नाही. लू चालू हाय ना, निस्ता आगीचा वारा. बिचारं दिवसभर उन्हात बसून राह्यते. म्हटलं, थोडं गार वाटन त्याले."

"रोज?"

"सोमवारपासून. तू कॉलेजात जाते, मंग कोण पाहीन त्याले?"

वैभवीने शेजारच्या महागड्या यंत्राकडे पाहिलं. ते कोरडंठाक तापत होतं. "मंग त्याच्यावर काहून नाही टाकला?"

"ते कॉलेजचं हाय. त्याची काळजी कॉलेजवाले करतीन," मामाजी म्हणाले. "हे आपल्या घरचं व्हय."

वैभवीला हसू आलं आणि त्यासोबत डोळेही भरून आले. रागवायचं राहूनच गेलं. मामाजींना खाली आणून तिने कूलरसमोर बसवलं आणि लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावून खड्ड्यावर बोट टेकवलं.

"हे मी व्हय?"

"हो."

"आन् हे मंगळवारचं? मंगळवारी मले जरा उशीर झाला होता. गॅसवाला आला होता."

"दिसून राहिला ना उशीर. हे पाहा, खड्डा पुढे सरकला."

"मोठं पक्कं हाय वं तुझं यंत्र!" मामाजी इतक्या जोरात म्हणाले की शेजारची काजल खिडकीत आली. मग खड्डे का नकोत हे त्यांना समजावून सांगावं लागलं. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि उद्या गच्चीवर पाऊल ठेवणार नाही असा शब्द दिला.

शनिवारी सरांनी सगळी हकीकत ऐकली आणि ठसका लागेपर्यंत हसले. पण सर शेवटी सर. "दुपट्ट्याशिवायची एक दुपार दाखव," म्हणाले. गच्चीवरचे आकडे कॉलेजात थेट दिसायचे; दोघं पडद्यासमोर बसले. बारा वाजले. रेषा चढत होत्या. रोज खड्डा पडायचा ती वेळ आली तशी वैभवी पडद्याच्या आणखी जवळ सरकली. लाल रेषा निळीला धरून वर गेली आणि वरच राहिली.

"लाव शाळांमध्ये," सर म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला.

"वैभवी, आज नाही टाकला मी," मामाजी सांगत होते.

"माहीत हाय मामाजी. दिसून राहिलं मले."

"जिन्यातच बसलो हाव. इथून दिसते ते." मामाजींनी आवाज खाली आणला. "त्याले तरास तं नाही होऊन राहिला ना?"

"ते मजेत हाय. तुम्ही आधी खाली जा आन् कूलरसमोर बसा. लू तुमाले लागन!"

"कोणाचा फोन?" सरांनी विचारलं.

"आमच्या घरचा," वैभवी म्हणाली.