लॉबीतली शेकोटी

धुराड्याची चाचणी घ्यायची तर आधी त्याचं तोंड बंद करावं लागतं. धुराडी साफ करणाऱ्या सेगुंदोनं गच्चीवर जाऊन आमच्या नळीच्या तोंडावर ओली गोणपाटं आणि वर फळी ठेवली, लिफ्टनं खाली आला, लॉबीतल्या शेकोटीत धुराची कांडी पेटवली आणि पुढून पत्रा लावला. आता धूर वर चढणार, कोंडणार, आणि पंधरा मजल्यांत जिथं कुठं नळीला तडा असेल तिथून बाहेर पडणार. आपण दारोदार जाऊन वास घ्यायचा, एवढंच काम.

"पाश्क, सर्दीबिर्दी नाही ना तुला?" सेगुंदो बाबांना म्हणाला. "एवढं मोठं नाक वागवतोस, आज पहिल्यांदा त्याचा उपयोग आहे."

"माझं नाक खानदानी आहे. तुझ्यासारखं काजळीनं लिंपलेलं नाही."

"खानदानी! तळघरात राहतोस आणि खानदानी!"

बाबा हसले, पण हात पँटला पुसत राहिले. ते या इमारतीचे सुपर, म्हणजे देखभाल करणारे. बॉयलर, कचरा, तुंबलेले नळ, फुटपाथवरचा बर्फ, सगळं त्यांच्याकडे. तळघरातली आमची जागा त्या नोकरीसोबत आलेली. लॉबीतली ही शेकोटी मात्र त्यांना कोणी सांगितलेलं काम नव्हतं. वर्षभर बंद असलेली तिची झडप ते दर उन्हाळ्यात काढून घासायचे, बिजागऱ्यांना तेल द्यायचे.

इमारतीच्या कमिटीचं म्हणणं सरळ होतं. चाचणीत कुठंही धूर दिसला नाही तर नाताळात शेकोटी पेटवा. एका ठिकाणी जरी दिसला, तर नळीत वरून काँक्रीट ओतून ती कायमची बंद करायची आणि खाली विजेचा खोटा जाळ बसवायचा. पंधरा मजले उंच नळी आतून नव्यानं मढवून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

आणि शेकोटी आजोबांना हवी होती.

आमच्या डोंगरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी ओकचा ओंडका घरात येतो, तो सरपण म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून. घरातला सगळ्यात वयस्कर पुरुष तो खांद्यावरून आणतो. सगळे उभे राहतात, त्याची विचारपूस करतात, आपल्या ताटातलं त्याला वाढतात आणि मग त्याला आगीवर बसवतात. सकाळ होईपर्यंत त्याला विझू द्यायचं नसतं. पाहुण्याला आमच्याकडे काय मान असतो ते मी वेगळं सांगत नाही. बापाचा मारेकरी जरी रात्रीपुरता दारात आला, तरी त्याला जेवू घालून, सोबत करून वेशीपर्यंत पोचवणारी माणसं आहेत आमच्यात.

गावच्या घरावर आता छप्पर उरलेलं नाही. आजोबा, लुलाश त्यांचं नाव, न्यूयॉर्कला आले त्या वर्षापासून ओंडका लॉबीत यायला लागला. वरच्या लोकांना वाटायचं, नाताळची छान आग आहे, सुपरचा म्हातारा बापही छान आहे. ते फोटो काढायचे. या वर्षी आजोबांना तळघरातून लॉबीपर्यंतचा जिना एका दमात चढवत नव्हता. पुढच्या नाताळाबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं.

बाबांनी विषम मजले घेतले, मी सम. नळी शेकोटीच्या वरच्या घरांमध्ये झोपायच्या खोलीतल्या कपड्यांच्या खोलगट कपाटामागून जाते. मी प्रत्येक घरात शिरले, कपाट उघडलं, कपडे बाजूला केले, भिंतीला नाक लावलं. दहाव्या मजल्यावर कपाटात बाळाचा पाळणा घडी करून ठेवला होता. बाळ बाहेर आईच्या खांद्यावर होतं. कुठंच वास नव्हता.

नवव्यावर मिसेस लोवेनथाल राहतात. नवरा जाऊन खूप वर्षं झाली, मूलबाळ नाही. नाताळच्या संध्याकाळी लॉबीतली उंच पाठीची खुर्ची त्यांची. "सण तुमचा, खुर्ची माझी," असं त्या आजोबांना म्हणायच्या. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते मान डोलवून खुर्ची आगीजवळ सरकवून द्यायचे. बाबांनी त्यांच्या दारावर टकटक केली तेव्हा त्या आतून ओरडल्या, "झोपायच्या खोलीत आहे मी, पाश्क! कपाटच बघतेय. काही नाही इथं. स्वच्छ आहे."

बाबा उंबऱ्यावरच थांबले. एकट्या विधवेच्या झोपायच्या खोलीत पाय ठेवणं त्यांना या जन्मात जमलं नसतं. नळ दुरुस्त करायचा असला तरी ते त्यांना बाहेरच्या खोलीत बसायला सांगत आणि घराचं दार सताड उघडं ठेवत. शिवाय त्या खोटं बोलतील, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

"नक्की ना, मॅडम?"

"माझं नाक अजून शाबूत आहे. जा, पुढच्याला छळ."

खाली येऊन बाबांनी सेगुंदोला सगळे मजले स्वच्छ असल्याचं सांगितलं. सेगुंदोनं कागदावर सही केली आणि बाबांच्या पाठीत एक दणका दिला. त्या दिवशी जेवताना बाबांनी आजोबांना नुसतं सांगितलं, "बा, आग पेटणार." आजोबांनी घास ठेवला, रुमालानं तोंड पुसलं आणि ओंडका कुठून आणणार याची चौकशी सुरू केली. कुठलंही लाकूड त्यांना चालणार नव्हतं. बाबा शहराबाहेर जाऊन ओक घेऊन आले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी कामावरून तशीच लॉबीत आले. मी रसायनशास्त्र शिकले आहे आणि घरांमधली हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा मीटर बॅगेत होता. बाबांनी बारीक लाकडांची आग आधीच लावली होती. आजोबा जिन्याच्या तोंडाशी आले. ओंडक्याचा निम्मा भार बाबांनी मागून उचललेला, पण तो खांद्यावर होता आजोबांच्याच. आम्ही उभे राहिलो.

"या, या," आम्ही म्हणालो. "बरं झालं आलात."

"वाटेत थंडी लागली का रे?" आजोबा ओंडक्याला म्हणाले. "लागली असणार. बस. ऊब घे." त्यांनी त्याच्यावर वाटीभर वाईन ओतली, घेवड्याची उसळ, तळलेला मासा आणि भाकरीचा तुकडा ठेवला, आणि धापा टाकत टाकत घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन त्याला ओळख करून दिली. मेलेल्यांचीसुद्धा. आईचंही नाव घेतलं. मग बाबांनी आणि त्यांनी मिळून त्याला जाळावर ठेवलं.

मिसेस लोवेनथाल अक्रोडाचा केक घेऊन खाली आल्या. त्यांच्या खांद्यावर जाड लोकरीची शाल होती. मी केक घेतला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि घसरलेली शाल वर ओढली. शालीला वास येत होता. लाकडाच्या धुराचा नव्हे. जळक्या साखरेसारखा, थोडा तुरट. सेगुंदोच्या कांडीचा.

"ही शाल कपाटात होती?" मी हळूच विचारलं.

त्यांनी आधी आगीकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "ड्रांडे," त्या माझं नाव घेऊन म्हणाल्या, "नको."

"किल्ली द्या."

"अगं, जरासा आला होता. भिंतीच्या कोपऱ्यातून. मी ओले टॉवेल कोंबलेत."

"किल्ली द्या, मिसेस लोवेनथाल."

नवव्यावरच्या कपाटात टॉवेल अजून तिथंच होते, वाळून कडक झालेले. ते काढल्यावर विटांच्या जोडात बोट जाईल एवढी फट दिसली. शेजारून गरम पाण्याचा पाइप वर जात होता आणि छतात त्याच्याभोवती तसंच मोकळं भोक होतं. त्या भोकावर दहाव्या मजल्याचं कपाट. मीटर फटीजवळ धरला. आकडा शून्यावरून हलला, थांबला, पुन्हा हलला. फार नव्हता. घाबरायचं कारण तेच होतं.

बाबांना मी जिन्यात गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आकडा कमी आहे म्हणालीस."

"आत्ता जाळ मोठा आहे. नळी तापलेली आहे, ती धूर वर ओढतेय. तरी थोडा गळतोय. रात्री जाळ बसेल, नुसते निखारे राहतील. हा विषारी वायू सगळ्यात जास्त निखाऱ्यांतूनच निघतो, आणि तेव्हाच नळी थंड पडते, ओढ संपते. घरांमधले पंखे हवा बाहेर फेकत असतात, ते मग नळीतली हवा आत खेचणार. वास येणार नाही. कोणाला जाग येणार नाही."

"त्या आपल्याकडे झोपतील."

"वर बाळ आहे, बाबा."

"त्यांना सांगू, आज रात्रीपुरतं..."

"आणि अकराव्यावर? तडा एकच आहे हे कोण सांगणार? चाचणी झालीच नाही असं धरायला हवं."

बाबा जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. "मी त्यांना विचारलं होतं," ते म्हणाले. "नक्की ना, म्हणून विचारलं होतं."

मग ते बॉयलरचे हातमोजे आणि राखेचा लोखंडी डबा घेऊन आले. लॉबीत बाहेरून आलेली दोन-तीन माणसं बर्फ झटकत उभी होती. आजोबांनी डबा पाहिला.

"काय करतोयस?"

"बा, नळी फुटलीय. वरच्या घरांत विषारी हवा जातेय. लहान मूल आहे."

आजोबांनी थोडा विचार केला. ते चिडले नाहीत. "मग मूल खाली आण," ते म्हणाले. "सगळ्यांनाच आण. जागा चिक्कार आहे. बसतील सकाळपर्यंत."

"पंधरा मजल्यांची माणसं, बा? या रात्री? कोण येईल माझ्या सांगण्यावरून?"

"पाहुण्यासाठी येतील."

"त्यांचा नाही तो पाहुणा."

"तुझा तर आहे?"

बाबांनी टोपी काढून खिशात घातली. चिमट्यानं ओंडका उचलला. तो अर्धा पेटलेला होता, डब्यात मावत नव्हता, एक टोक बाहेर राहिलं. निखारे फावड्यानं भरले. मिसेस लोवेनथाल खुर्चीतून उठून म्हणाल्या, "पाश्क, माझ्यामुळे करू नकोस. मी खिडकी उघडी ठेवीन." बाबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी दार उघडून धरलं. बाबांनी ओंडका बाहेर नेला आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांपासून थोडा दूर, फुटपाथच्या कडेला, बर्फात ठेवला.

आजोबा खुर्ची ओढत त्याच्या मागोमाग बाहेर आले आणि डब्याशेजारी बसले. बाबांनी त्यांच्या अंगावर कोट घातला. आत चला म्हणून विनवलं, मग दटावलं, मग रडले. आजोबा ओंडक्याशी हळू आवाजात बोलत होते, माफी मागत होते. मी ऐकू नये म्हणून दोन पावलं मागे झाले.

समोरच्या इमारतीतून कोणीतरी आग लागल्याचा फोन केला असावा. अग्निशमन दलाची गाडी आली. माणसं चांगली होती. त्यांनी सगळं समजून घेतलं, बाबांचं कौतुकही केलं, पण रस्त्यावर उघडी आग ठेवता येत नाही. पाणी मारायला लागले तेव्हा आजोबा उठून उभे राहिले. ओंडका बराच वेळ चरचरला.

"मेरी ख्रिसमस, आजोबा. आत जा आता, गारठाल," त्यातला एक तरुण म्हणाला.

जानेवारीत गच्चीवरून काँक्रीट ओतलं. आमच्या भिंतीमागून ते खाली येताना ऐकू येत होतं. सेगुंदोची सही खोटी ठरली, त्याचं या इमारतीतलं काम गेलं, आणि नंतर त्यानं बाबांचे फोन उचलले नाहीत. बाबांना कमिटीनं ताकीद दिली. नवव्या मजल्याचं नाव त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मिसेस लोवेनथाल लॉबीतून जाताना विजेच्या जाळाकडे न बघता लिफ्टचं बटण दाबतात. दहाव्यावरचे लोक बाळाला घेऊन आले की बाबांना हसून नमस्कार करतात. त्यांना काहीच ठाऊक नाही.

आजोबा आजारी पडले नाहीत. वाटलं होतं, पडतील. ते आमच्यासोबत जेवतात, पण ताटात पडेल तेवढंच. पुन्हा काही मागत नाहीत. बूट दाराजवळ, नाड्या सैल करून, बाहेर जायच्या तोंडाला ठेवतात. आणि रोज संध्याकाळी टोपी हातात घेऊन बाबांसमोर उभे राहतात.

"आजची रात्र इथं काढली तर चालेल का तुम्हाला?"

"बा, घर तुमचं आहे," बाबा म्हणतात.

आजोबा मान हलवतात. चांगला यजमान असं म्हणतोच, अशा अर्थानं.

काल बाबा बॉयलरवरून थकून आले होते. आजोबांनी विचारलं. बाबा हात धूत राहिले. नळ वाहत होता. आजोबा थांबले, मग वळून बुटांकडे गेले आणि पाय घालू लागले. बाबा तरी वळेनात.

"चालेल," मी म्हटलं. "राहा."

"उपकार झाले, मुली," आजोबा म्हणाले, आणि बूट काढून आपल्या खाटेवर जाऊन पडले.