ओरिजिनल वायर

"एकही वायर बदलायची नाही. सगळं ओरिजिनल आहे," साहेब बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. "डायनॅमो काढायचा, हा नवा अल्टरनेटर बसवायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही, कळलं?"

"नाही लावणार," वायरवाली म्हणाली. "तेवढं लिहून द्या फक्त."

साहेबांनी हसत हसत लिहून दिलं, खाली ऐटबाज सही ठोकली. तिने त्यांना गाडीतून उतरतानाच ओळखलं होतं. त्यांनी तिला ओळखायचा प्रश्नच नव्हता. नऊ वर्षांपूर्वी ती घर सांभाळत होती आणि दुकान नवऱ्याचं होतं, हमरस्त्यावर.

तेव्हाही हेच साहेब, अशीच जुनी गाडी आणि हेच काम. गाडीत वीज तयार करणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या तिप्पट करंट नवा अल्टरनेटर देतो. तो सगळा करंट डॅशबोर्डमागच्या एका वायरीतून बॅटरीकडे जातो आणि जुन्या गाडीत ती कापडी वेष्टणाची वायर असते बुटाच्या नाडीएवढी. तिच्या जागी जाड वायर घालावीच लागते. साहेबांनी घालू दिली नाही. पंधरा दिवसांत भर रस्त्यात गाडी पेटली. साहेब कसेबसे बाहेर पडले आणि दुकानासमोर येऊन चार माणसांत ओरडले, "या अडाण्याने माझी गाडी जाळली!" जुन्या गाड्यांचे शौकीन शहरात मूठभर, आणि ते सगळे साहेबांच्या शब्दाबाहेर न जाणारे. दोन महिन्यांत दुकानाला टाळं लागलं. नवऱ्याने त्यानंतर गाडीला बोट लावलं नाही. घरी बसून पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्याकडून तोंडी धडे घेत हिने मागच्या गल्लीत हे खोपटं उभं केलं होतं.

आणि आता शिकार आपल्या पायांनी चालत आली होती. तिला काही म्हणजे काही करायचं नव्हतं. फक्त गिऱ्हाईकाचं ऐकायचं होतं. गाडीत माणूस बसलेला असेल, हे मनात आलं; तिने ते झटकून टाकलं. त्यांनी तरी कुठे विचार केला होता माणसाचा?

तिने इतकं मन लावून काम क्वचितच केलं असेल. पुली एका रेषेत आणली, पट्टा बोटाने दाबून ताण बघितला, नट पुन्हा पुन्हा आवळले. अल्टरनेटरमध्ये खोट निघता कामा नये. जळायची ती वायरच जळली पाहिजे.

दुपारी नवरा तिचा विसरलेला चष्मा घेऊन आला. गाडी बघून उंबऱ्यातच थबकला.

"कोणाची गं?"

"त्याचीच."

त्याने वाकून डॅशबोर्डखाली हात घातला आणि चाचपडत ती वायर शोधली.

"ही तशीच?"

"तशीच. त्यानेच सांगितलंय, सहीसकट." तिने खिशातला कागद फडकवला. "जळू दे मेल्याची. या वेळी चार माणसांत मी ओरडते."

"मलाही त्यानेच सांगितलं होतं."

"तेच म्हणतेय मी! तुमचा काय दोष होता?"

"मला माहीत होतं पेटणार," तो म्हणाला. "तरी बसवून दिलं. गिऱ्हाईक मोठं होतं, तुटायला नको होतं. तो अडाणी होता गं. मी नव्हतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. नऊ वर्षं तिने एका माणसाला सकाळ-संध्याकाळ शिव्या घातल्या होत्या.

"आणि हे आत्ता सांगताय?"

"तू मला कधी विचारलंस?"

तिला त्याचा असा काही राग आला की हातातला पाना तिने बाकावर आपटला. तो मात्र खाली बसला, पाठीवर सरपटत डॅशबोर्डखाली शिरला आणि आतून नुसता हात बाहेर काढला. शेवटी तिने त्या हातात जाड वायर दिली. जुन्या वायरीचं कापड त्याने अलगद सोलून नव्या वायरीवर चढवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळे दिवे लावून बघितले. डॅशबोर्डवरचा करंटचा काटा जागचा हलला नाही.

"बघितलंत? ओरिजिनल वायरवर!" साहेब खूश झाले. "मागे एक अडाणी भेटला होता..."

तिने सोललेली वायर त्यांच्या मांडीवर टाकली. "ही तुमची ओरिजिनल. आत जाड घातलीय, वरचं कापड तेवढं तुमचं. त्या अडाण्यानेच घातली. आत बसलेत ते."

साहेबांनी आत बघितलं. नवऱ्याने चिंध्यांनी हात पुसत मान वर केली. "सगळे दिवे एकदम लावले तरी चालतील आता," तो म्हणाला.

"काम... चांगलं झालंय," साहेब पुटपुटले.

"मोठ्याने," ती म्हणाली. "तेव्हा मोठ्याने बोलला होतात."

समोरच्या पंक्चरवाल्याने हातातली ट्यूब खाली ठेवली. साहेब आपल्या बुटांकडे बघत मोठ्याने म्हणाले, "काम चांगलं झालंय." आणि गाडी सुरू करून निघून गेले.

तिचं समाधान झालं नाही. तिला ‘चुकलं माझं’ हे ऐकायचं होतं, आणि ते ऐकवायला आता कोणाला धरावं, हेही कळत नव्हतं. सहीचा कागद तिने चुरगाळून डब्यात टाकला.

नवरा हात उलटेपालटे करून बघत होता. नऊ वर्षांनी नखांत गाडीचं काळं गेलं होतं.

"साबण दे गं जरा."

"राहू द्या," ती म्हणाली. "असू द्या थोडा वेळ."