साक्षीदार नात्यातला नको

सरकारचा हुकूम असा होता, की दहाच्या वर माणसं एका ठिकाणी जमायची नाहीत. धर्माचा नियम असा, की दहाच्या खाली पुरुष असले तर लग्नाचे आशीर्वाद म्हणायचे नाहीत. म्हणजे दोघांचंही मन राखायचं तर बरोब्बर दहा पुरुष गोळा करायचे आणि नवरीला सांगायचं, बाई गं, तू अकरावी होतेस, तू आपली जिन्यात थांब.

"आम्ही बायका जमाव नाही," वहिनीने, म्हणजे नवरीच्या आईने, निकाल देऊन टाकला. "आम्ही इथे राहतो. जमलेत ते तुम्ही."

आत्याला हे पटलं. आत्या म्हणजे नवरीची आत्या. पण आताशा सगळी बिल्डिंगच तिला आत्या म्हणायची, तिच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. पडद्यांच्या दुकानात ती शिवणकाम करायची, आणि उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिने भाचीसाठी हुप्पा शिवला होता, म्हणजे चार काठ्यांवर धरायचं छत, ज्याच्याखाली उभं राहून आपलं यहुदी लग्न लागतं. काठ्या मिळेनात म्हणून पडद्यांचे रॉड आणले. त्यांच्या कड्या काढायच्या राहिल्या, त्यामुळे छत हललं की छनछन वाजायचं.

बाकीची तयारीही याच थाटाची होती. प्रार्थनाघराला सील. लग्नाच्या हॉलमध्ये शिपाई झोपलेले. फुलवाल्याने फुलं सोडून मेणबत्त्या विकायला घेतलेल्या, आणि त्या फुलांपेक्षा महाग. म्हणून लग्न घरातच, चौथ्या मजल्यावर, संचारबंदीच्या आधी उरकायचं ठरलं.

"मी म्हणतो एवढी घाई कशाला?" भाऊ, म्हणजे नवरीचा बाप, परत सुरू झाला. "जरा निवळू दे. मग करू की धुमधडाक्यात."

आत्याने हातातली कात्री टेबलावर आपटली.

"निवळू दे? हेच बाबा म्हणाले होते. माझ्या वेळी."

सगळ्यांनाच ते माहीत होतं. आत्याचं लग्न ठरलं होतं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका हसऱ्या पोराशी. तारीख धरली आणि गावात गडबड झाली. बाबा म्हणाले, निवळू दे. निवळलं, तर त्याची आई गेली. ते दुःख सरलं, तर पुन्हा गडबड. असं करता करता एकदाचं सगळं निवळलं, आणि ही दोघं गाळासारखी आपापल्या घरी तळाशी बसली. भांडण झालं नाही की मोडलं म्हणून कोणी सांगितलं नाही. तारीख तेवढी पुन्हा कोणी धरली नाही.

"उद्या पहाटे पोरं निघणार," आत्या म्हणाली. "सरहद्दीपलीकडे जाणारी ही शेवटची गाडी. लग्नाची बायको असेल तरच तिला सोडतील. आज लग्न नाही, तर तो तिकडे आणि ही इकडे. मग बस निवळायची वाट बघत."

भाचीने आत्याचा हात धरला.

इतक्यात हज्जान आले. हज्जान म्हणजे आपल्यात प्रार्थना म्हणणारे, लग्नं लावणारे. माणूस देवभोळा, पण बोलणं असं की देवानेही कानात बोटं घालावीत.

"वाईट बातमी," त्यांनी टोपी सारखी केली. "दाताचा डॉक्टर येत नाही. रस्ते बंद."

"नाही तर नाही," भाऊ म्हणाला. "दात कोणाचे दुखतायत?"

"अरे, तो साक्षीदार होता! लग्नाला दोन साक्षीदार लागतात. एक मी. दुसरा आणा. तो नवऱ्याचा नातेवाईक नको, नवरीचा नको, माझा नको. पोरं परक्या मुलखात चाललीत. उद्या तिकडचा कोणी शहाणा केतुबा वाचून म्हणाला, अहो हा साक्षीदार मुलीचा काका, हे लग्न कच्चं, तर?"

केतुबा म्हणजे लग्नाचा करार. तो कच्चा राहिला तर काय, हे कोणाला समजवावं लागलं नाही. सगळे नावं आठवायला लागले आणि तोंडचं पाणी पळालं. मूठभर तर आपली माणसं गावात उरलेली, आणि सगळी एकमेकांत गुंतलेली, लोकरीच्या गुंड्यासारखी.

"काचवाला!" भाऊ ओरडला. "तो आपला कोणी नाही."

"माझ्या मामाचा मुलगा आहे तो," वहिनी म्हणाली.

"तू तर त्याच्याशी बोलत नाहीस!"

"बोलत नाही म्हणून नातं सुटतं का? सुटलं असतं तर तुमच्याशी कधीच सुटलं असतं."

"बरं, बँकेतला?"

"माझा मेहुणा," हज्जान म्हणाले. "नाइलाज आहे."

आयुष्यभर ज्यांनी या घराशी नातं सांगायला टाळाटाळ केली, ते सगळे आज जवळचे निघत होते. शेवटी नवरदेव, बिचारा नवखा, म्हणाला, "खाली तळघरात ते लिफ्टवाले काका आहेत ना? ते आपल्यातलेच आहेत म्हणे."

छताच्या कड्या तेवढ्या छनछनल्या.

"तो कसा चालेल?" भाऊ चाचरला. "तो म्हणजे... जवळजवळ..."

"जवळजवळ म्हणजे कोणी नाही," हज्जान म्हणाले. "वा! लग्न झालं असतं तर आत्याबाईंचा नवरा म्हणून बाद झाला असता. झालं नाही ते किती उत्तम झालं!"

वहिनीने त्यांना टेबलाखालून लाथ मारली. ती भाऊला लागली.

"जातो कोण विचारायला?" भाऊने पोटरी चोळत विचारलं. आणि मग सगळ्यांनी आत्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न केला, की आत्या आपणहून उठली.

तळघरात ग्रीसचा वास होता. मोटारी, तारेचे दोर, उघडी पडलेली बटणं. लिफ्टवाला स्टुलावर बसून एक चाक पुसत होता. एकाच बिल्डिंगमध्ये असून इतकी वर्षं दोघांचं बोलणं म्हणजे "लिफ्ट चालू आहे?" आणि "चालू आहे." कधीकधी आत्या उगाचच विचारायची. कधीकधी चालू लिफ्टही तो उगाचच तपासायला यायचा, आणि चौथ्या मजल्यावरच जास्त वेळ लागायचा. याच्यापुढे गाडी गेली नाही.

त्याला हाक काय मारायची, हाही प्रश्नच होता. नावाने मारावी तर परकं वाटे. "अहो" म्हणावं तर जिभेला चटका बसे. म्हणून आत्या दारात उभी राहून नुसतीच खाकरली.

"लिफ्ट बंद पडली?" त्याने वर न बघता विचारलं.

"नाही. लग्न आहे."

हातातलं चाक थांबलं. "कोणाचं?"

"भाचीचं. कोणाचं असणार?"

"हां." चाक पुन्हा फिरलं. "बरं झालं. गुणी पोरगी आहे. लहानपणी लिफ्टची सगळी बटणं एकदम दाबायची."

"साक्षीदार हवाय. नात्यातला नसलेला."

त्याने फडक्याने एकेक बोट पुसलं. फार वेळ लावला.

"म्हणजे मी."

"म्हणजे तुम्ही."

"शोधून शोधून अगदी योग्य माणूस काढलात," तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "या घराचा कोणीही नसण्याचा माझ्याएवढा अनुभव गावात कोणाला नाही."

आत्याला बरंच काही बोलायचं होतं. बाहेर पडलं ते एवढंच: "सूट आहे का?"

"आहे. एकदाच शिवला होता. घालायची वेळ आली नाही."

तो कशासाठी शिवला होता हे आत्याला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही. आत्या जिन्याने वर आली. लिफ्ट चालू होती, पण एवढ्या लहान पेटीत आत्ता स्वतःबरोबर उभं राहणं तिला जमलं नसतं.

ऊन उतरायला लागलं. दहाचे दहा पुरुष जमले, त्यातला एक अजून खालून यायचा. नवरीने दोनदा रडून तीनदा पावडर लावली. हज्जान खिडकीतून रस्त्यावरच्या शिपायाकडे आणि आत घड्याळाकडे आळीपाळीने बघत होते. लिफ्टचा घरघराट वर वर येत गेला. दुसरा मजला, तिसरा. आत्याने पदर सारखा केला.

आणि वीज गेली.

"अरे देवा!" भाऊ बॅटरी घेऊन धावला. लिफ्ट चौथ्या मजल्याच्या थोडी खाली अडकली होती. जाळीच्या दारामागे, जमिनीच्या वर, लिफ्टवाल्याचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत होते. सूट, टाय, केसांना तेल.

"बाहेर ये की रे!" भाऊ म्हणाला. "तुझीच लिफ्ट ना?"

"दाराची चावी हत्यारांच्या पिशवीत आहे."

"आणि पिशवी?"

"खाली. जन्मात पहिल्यांदा पिशवी न घेता लिफ्टमध्ये चढलो. सुटावर पिशवी कोण घेतं?"

"आता आली का पंचाईत! वीज कधी येईल?"

"सरकारला विचारा."

भाऊने कपाळाला हात लावला. "हे बघा, हा संकेतच आहे. मी म्हणतच होतो, जरा निवळू..."

"साक्षीदाराने काय करायचं असतं?" आत्याने हज्जानांना विचारलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"अंगठी देताना बघायचं. नवऱ्याचं वाक्य ऐकायचं. सही करायची."

"त्याला दिसतंय. ऐकू येतंय. जाळीतून कागद जातो. हुप्पा बाहेर आणा."

अख्खं लग्न जिन्यात आलं. छत मोठं आणि जागा लहान, त्यामुळे एक रॉड भिंतीला टेकला, एक काचवाल्याच्या पोटाला, तिसरा धरणारा दोन पायऱ्या खाली उभा. चौथा कुठेच मावेना. शेवटी तो जाळीतून आत सारला आणि लिफ्टवाल्याने आतून धरला. छत तिरकं झालं, कड्या छनछनल्या. खालच्या मजल्यावरची म्हातारी दार उघडून म्हणाली, "घर बदलताय का?"

हज्जान गुडघ्यावर बसले, कारण त्याशिवाय साक्षीदाराशी डोळे भिडत नव्हते.

"विचारणं माझं कर्तव्य आहे. सगळ्यांसमक्ष सांगा. तुम्ही या घराचे कोणी लागता का?"

लिफ्टवाल्यासमोर, बॅटरीच्या उजेडात, आत्याच्या चपला होत्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग वर.

"अजून तरी नाही," तो म्हणाला.

"अजून बिजून चालणार नाही. हो की नाही?"

भाचीचे डोळे आत्यावर होते. या एका शब्दावर पोरीची पहाटेची गाडी अडली होती. आत्याने त्याच्याकडे बघून अगदी हळू मान हलवली. म्हण.

"नाही," तो म्हणाला. "मी यांचा कोणी लागत नाही."

शब्द जिन्यातून तळघरापर्यंत घुमत गेला. इतकी वर्षं हे कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

मग सगळं झपाट्याने झालं. नवऱ्याने अंगठी नवरीच्या बोटात घातली, वाक्य म्हटलं, एका जागी अडखळला. साक्षीदाराने जाळीला नाक लावून बघितलं. केतुबा आत गेला, सही होऊन ग्रीसच्या एका ठशासकट बाहेर आला. आशीर्वाद झाले. नवऱ्याने रिवाजाप्रमाणे पेला पायाखाली फोडला, तशी खालची म्हातारी किंचाळली, "मी पोलिसांना बोलावते!" आणि सगळे हसत, रडत, पाहुणे आणि नवरा-नवरी, एकमेकांना ढकलत घरात शिरले.

आत्या मागे राहिली. ती पायरीवर बसली, म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर आली. मध्ये जाळी.

"किती पटकन म्हणालात, नाही म्हणून," ती म्हणाली.

"पटकन? मला तर जन्म लागला."

आतून गाण्याचा आवाज येत होता.

"माझ्याच मानेच्या इशाऱ्यावर म्हणालात म्हणा," आत्या म्हणाली. "मीच म्हणायला लावलं."

"पोरीसाठी. चांगलं केलंस." तो "तू" वर आला होता, आणि दोघांनीही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "हे बघ. सही झाली. शाई वाळली. लग्न पक्कं. आता यापुढे मी या घराचा कोणी लागलो, तरी त्यांना काही..."

वीज आली. लिफ्टला गचका बसला, आणि खाली कोणीतरी बटण दाबलेलं असणार, ती घरघरत खाली निघाली. टाय गेला, खांदे गेले, उघडं तोंड गेलं, सगळ्यात शेवटी तेलाने चापलेले केस गेले.

आत्या जाळी धरून बघत राहिली. दोर हलत होते. एरवी तिने काय केलं असतं? पदर सारखा केला असता आणि आत गेली असती. येईल परत, निवळू दे.

"आत्या, फोटो!" आतून हाक आली.

आत्या जिना उतरायला लागली. गुडघे कुरकुरत होते, जिना लिफ्टच्या पिंजऱ्याभोवती गोल गोल फिरत होता. तिसरा मजला आला, दुसऱ्याकडे वळली, तर खालून लिफ्ट घरघरत वर येताना दिसली.

"अगं, मी वर चाललोय!" पिंजऱ्यातून तो ओरडला.

"मला दिसतंय!"

"तू खाली कुठे?"

"तुमच्याकडेच!"

"मग थांब तिथेच!"

"मी थांबलेलीच आहे! थांबा तुम्ही!"

त्याचे बूट तिच्या डोळ्यांसमोर आले आणि वर सरकायला लागले. तेवढ्यात त्याने आतलं लाल बटण तळहाताने हाणलं. लिफ्ट थाडकन दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहिली. तो गुडघ्यांवर बसला, सुटाची पर्वा न करता, आणि जाळीशी वाकला.

आत्या दोन पायऱ्या वर चढली आणि जाळीत बोटं अडकवून म्हणाली,

"बोला. मघाचं वाक्य अर्धं राहिलंय."

वरून वहिनी फोटोसाठी पुन्हा हाका मारत होती. आत्याने ओ दिली नाही.