राबात टाकलेला क्रेट

मी एक जुना, अर्धा वितळलेला टोमॅटोचा क्रेट आहे. मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. एके काळी मी निळाशार होतो आणि माझा तोराही काही कमी नव्हता.

माझा जन्म अंबडच्या कारखान्यात झाला. तिथून घोटीजवळच्या भिमाजींच्या मळ्यात आलो. त्याआधी ते जवळच्या पाड्यावरच्या नवसाबाईने विणलेल्या बांबूच्या पाट्यांत टोमॅटो भरत. मी आलो आणि भिमाजींनी मला थोपटून म्हटलं, "याला म्हणतात वस्तू!" मी फुगलो. पुढच्या हंगामात नवसाबाईच्या पाट्यांना कुणी विचारेना. ती भिमाजींच्याच मळ्यात टोमॅटो खुडायला येऊ लागली आणि मुकाट्याने माझ्यातच भरू लागली. मला लाज वाटायची, पण करतो काय?

काही वर्षांनी माझा कोपरा तुटला. भिमाजी तिला म्हणाले, "घेऊन जा, सरपण ठेवायला होईल." मी तिच्या पाड्यावर गेलो. तिच्या घरी उन्हाने तडकत तडकत पुरता मोडलो.

त्या वैशाखात तिने भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घेतला. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरल्या आणि वर मला ठेवलं.

तिचा नवरा सोमा म्हणाला, "अगं, ते पलाश्टिक हाय."

"मोडकी पाटी राबावरच जाती ना? हे बी पाटीच हाय," ती म्हणाली.

तिचं काय चुकलं? तिच्या पाट्यांची राख व्हायची आणि त्या राखेत रोपं तरारायची. माझा मात्र काळा धूर झाला. मी वितळून मातीला चिकटलो. पाऊस आला, भात पेरलं, पण जिथे मी पसरलो होतो तिथे एकही रोप उगवलं नाही. लावणीला रोपं कमी पडली. खालचं खाचर पडीक राहिलं आणि सोमाला खुडणीच्या कामासाठी गाव सोडावं लागलं. मित्रांनो, हे माझ्यामुळे झालं. आधी तिचा धंदा घेतला, मग तिचं भात. त्यावर ती म्हणते, "चूक माझीच." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

भिमाजी हळहळले. "राबात कशाला टाकलंस? भंगारात द्यायचं."

"भंगारवाला आमच्या पाड्यावर कधी येतो, दादा?" नवसाबाईने विचारलं.

पाटी विणताना ती शेवटी कुठे जाणार हे नवसाबाईला ठाऊक असायचं. मला घडवताना कुणी तेवढा विचार केला नाही. खरं तर मला दळून, वितळवून नवा क्रेट करता आला असता. म्हणून हात जोडून सांगतो, माझी भावंडं विकत घेण्याआधी विचारा, मोडल्यावर यांना परत कोण नेणार?

सध्या नवसाबाई रोज खुरप्याने वाफा उकरते आणि माझे तुकडे ओच्यात गोळा करते. ते कुठे टाकायचे, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.