कानामागची मोजणी

थोरलीच्या जिभेवर त्या घराचं पोट चालत होतं. कोणी वाईट अर्थ काढू नये. ती भांडकुदळ नव्हती, म्हणजे फार नव्हती. तिची जीभ खरोखरच कामाची होती. घराच्या मागच्या लांबट खोलीत लाल मिरचीचा सॉस शिजायचा आणि बाटलीत शिरण्याआधी तो तिच्या जिभेवरून जायचा. हा उद्योग तिने आणि नवऱ्याने मिळून सुरू केला होता. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मग धाकटा दीर हाताशी आला, आणि पाच वर्षांपूर्वी दिराची बायको, धाकटी.

चाखायची रीत नवऱ्याने घालून दिलेली. सॉस कोमट झाला की थोरलीने खुर्चीत बसून डोळे मिटायचे. काचेच्या कांडीने एक थेंब जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा. दुसऱ्या माणसाने सावकाश आकडे म्हणायचे आणि जीभ पोळली की थोरलीने बोट वर करायचं. बोट बरोबर दहाला वर आलं पाहिजे. आधी आलं तर सॉस जहाल झाला, त्यात उकडलेल्या गाजराचा गर घालायचा. उशिरा आलं तर मिळमिळीत, मग त्यात बरणीतला पांढरा गाभा पळीभर. लोकांना वाटतं तिखटपणा बियांत असतो. थोरली अशा लोकांकडे दयेने बघायची. तिखट असतं बिया ज्याला चिकटतात त्या गाभ्यात. बिया बिचाऱ्या संगतीने बदनाम. बाटलीवर लाल अक्षरात नुसतं ‘दहा’ छापलेलं असायचं आणि गिऱ्हाईक ‘एक दहा द्या’ म्हणून मागायचं.

चांगलं तिखट घाई करत नाही, असं तिचं म्हणणं. आधी मिरचीचा अंगचा गोडवा येतो, मग आंबट. पाच-सहाला जिभेच्या कडा कोमट होतात, आठला टाळूला कळतं, आणि दहाला आत कोणीतरी काडी ओढल्यासारखं होतं. मग नाक सुटतं, डोळ्यांत पाणी येतं आणि सगळं ओसरल्यावर उगाचच बरं वाटतं. त्या बरं वाटण्यासाठीच माणसं परत येतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

यंदा मात्र दहाला काहीच होईना.

सुरुवातीला बोट बाराला वर आलं, मग चौदाला, मग सतराला. थोरलीने आधी मिरचीला नावं ठेवली. यंदाची मिरची मेलेली आहे, म्हणाली. मग व्यापारी बदलायला लावला. नव्या व्यापाऱ्याची मिरची बोटभर लांब आणि दिसायला अशी की हात लावायची भीती वाटावी, तरी बोट सोळाच्या आत वर येईना. प्रत्येक वेळी ती पळीभर गाभा घालायला सांगे. कधी दोन पळ्या.

मिरची बदलूनही फरक पडेना, तेव्हा तिची नजर माणसांकडे वळली. माणसं तरी किती, दोनच.

आकडे म्हणायचं काम धाकटीकडे होतं. पूर्वी ती समोर स्टुलावर बसून मोजायची. गेल्या वर्षभरात मात्र कधी कोण जाणे, ती खुर्चीच्या मागे उभी राहू लागली होती. का म्हणून? समोर जागा नव्हती का? एकदा थोरलीने विचारलं तर म्हणाली, कंबर दुखते, उभं राहिलेलं बरं. कंबर दुखणारा माणूस बसतो की उभा राहतो, हे थोरलीला कोणी शिकवायला नको होतं. शिवाय बोट वर केल्यावर मागून लगेच काही ऐकू यायचं नाही. क्षणभर शांतता, आणि मग ‘बरं जाऊबाई’. त्या क्षणभरात मागे काय चालतं?

कुठेतरी पाणी मुरत होतं. नवरा-बायको कुजबुजत असायची आणि ती आत आली की दोघं एकदम बाटल्यांच्या बुचांबद्दल बोलायला लागायची. बुचांबद्दल एवढं बोलण्यासारखं जगात काय आहे? त्यात कचऱ्याच्या बादलीत गाजराच्या साली दिसू लागल्या, ढिगाने. सॉस मिळमिळीत होतोय म्हणून आपण रोज गाभा वाढवतोय आणि घरात गाजरं सोलली जातायत.

धाकटी आली तेव्हापासूनच थोरलीला ती जरा जास्त वाटायची. आल्या आल्या तिने सगळ्यांना हातमोजे घालायला लावले, बाटल्या उकळायची पद्धत बदलली, वाफ जावी म्हणून खिडकी पाडून मोठी केली. सगळं चांगलंच झालं, तोच तर राग. वर गंमत अशी की तिला स्वतःला तिखट औषधालाही सोसत नव्हतं. मिरच्या निवडल्या तरी उचकी लागायची. थोरली शेजारणीला म्हणाली होती, “कानामागून आली आणि तिखट झाली.” बेताच्या आवाजात म्हणाली होती, म्हणजे धाकटीला ऐकू जाईल इतक्या.

खरी भीती तिने कोणाला सांगितली नव्हती. जीभ गेली असं एकदा ठरलं की मग ह्या घरात ती कोण? मूलबाळ नाही, नवरा नाही. होती ती एक खुर्ची आणि एक कांडी. ही दोघं सॉस मुद्दाम पातळ करतायत, उद्या म्हणतील, वहिनींना आता कळत नाही, आणि खुर्चीवर दुसरंच कोणी बसेल. तिने काय, बुचं लावत बसायचं? ह्या विचाराने तिला रात्रंदिवस चैन नव्हतं. चाखताना हल्ली कान तापायचे, डोक्याला घाम फुटायचा. निम्मं तिने वयावर घातलं, उरलेलं धाकटीवर. राग कानात साठतो, असं तिची आई म्हणायची.

एका दुपारी ती जेवायला गेली आणि हात धुवायच्या आधीच परत फिरली. दाराच्या फटीतून तिने पाहिलं. तिने नुकतंच पास केलेल्या पातेल्यात धाकटी गाजराचा गर ओतत होती. एक मोठी वाटी, मग दुसरी. दीर डावाने ढवळत होता आणि अधूनमधून दाराकडे बघत होता.

थोरली चपला हातात घेऊन मागे सरली. रंगेहाथ पकडायचं सोडून ती गप्प का राहिली, तर तिला हे कारस्थान मुळासकट उखडायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिने दोन गोष्टी केल्या. कोठीच्या खोलीला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, कारण गाजरं तिथे होती. आणि चाखायची खुर्ची ओढून पाठ भिंतीला टेकेल अशी ठेवली. आता मागे उंदीरसुद्धा उभा राहू शकत नव्हता.

धाकटी आत आली आणि खुर्ची बघून थबकली. मागे थोडी जागा ठेवा ना, म्हणाली. थोरलीने कशाला म्हणून विचारलं.  धाकटीचा चेहरा उतरला, ती समोर येऊन वाकून, मान तिरकी करून मोजू लागली. थोरलीने रुमाल डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली होती. खिडकीतून वारा येतो, हे निमित्त. चोराच्या मनात चांदणं, ती मनाशी म्हणाली आणि डोळे मिटले. बोट एकोणिसाला वर आलं. तिने तीन पळ्या गाभा घालायला लावला, समोर उभं राहून ढवळून घेतला आणि अर्धं पातेलं तिथल्या तिथे बाटल्यांत भरवलं. धाकटीने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. थोरलीला त्या रात्री कित्येक महिन्यांनी छान झोप लागली.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी कोपऱ्यावरचा हॉटेलवाला आला. पिशवीत चार बाटल्या, एक डोळा सुजून बंद. त्याने सांगितलं ते असं. गोदामातला एक हमाल रोज त्याच्याकडे जेवतो, ‘दहा’ पाण्यासारखा ओततो. काल त्याने चमचाभर घेतला, वा म्हणाला, आणि तिथेच त्याचं बोलणं थांबलं. तोंड लाल, मग पांढरं. घामाने सदरा अंगाला चिकटला. कानात शिट्ट्या वाजतायत म्हणाला, उचक्या लागल्या, पाणी प्यायला तर आग घशात उतरली. शेवटी पोट धरून बाकावर आडवा झाला. मालकाने घाबरून टेबल पुसलं आणि त्याच हाताने डोळा चोळला, म्हणून ही अवस्था. पंधरा वर्षं तुमचाच माल घेतोय, तो म्हणाला, पण उद्या कोणाचं बरंवाईट झालं तर? दीर त्याला तोंडावर पाणी मारायला बाहेर घेऊन गेला.

खोलीत दोघी जावा उरल्या. थोरलीचा एका अक्षरावर विश्वास नव्हता.

“छान जमवलंत,” ती म्हणाली. “हॉटेलवाल्यालाही सामील करून घेतलंत.”

तिने त्यातलीच एक बाटली फोडली. कांडी नाही, सरळ चमचा भरला आणि तोंडात घातला. मोज, म्हणाली. धाकटी मोजायला लागली. वीस झाले, पंचवीस झाले. थोरलीला आंबट लागलं, मीठ लागलं, गोडसर काहीतरी लागलं. जीभ जराशी कोमट झाली, बस. डोक्यातून घाम ओघळत होता, नाक वाहत होतं, पण त्याला विचारतं कोण.

“हे जहाल?” ती म्हणाली. “ह्यात गाजर आहे नुसतं. आता तू घे.”

धाकटीने तिच्याकडे एकदा बघितलं. नाही म्हणाली असती तर थोरलीचं सगळं खरं ठरलं असतं, हे तिलाही कळलं असावं. तिने कांडी बुडवली आणि एक थेंब जिभेवर ठेवला. थोरली मोजू लागली.

एक. दोन. तीनला धाकटीने टेबलाची कड धरली. ओठ बघता बघता सुजले, वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे राहिले, डोळ्यांतून धारा लागल्या. श्वास आत गेला की ती दचकायची, कारण वाराही झोंबत होता. मग अख्खं अंग हलवणारी उचकी. तिने दोन्ही हातांनी छाती दाबली आणि ती खाली फरशीवर बसली. थोरली तीस वर्षं हे काम करत होती. नाटक कोणी रडण्याचं करील, उचकीचंही करील. पण घामाचं नाटक करणारा माणूस तिला अजून भेटला नव्हता. आणि कानांचं तर नाहीच. धाकटीचे कान पाळीपासून वरपर्यंत पेटलेले होते.

थोरलीने धावत जाऊन दूध आणलं, तिच्या तोंडाला भांडं लावलं आणि तोंडात धरून ठेवायला सांगितलं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“तीनला,” ती म्हणाली. “तीनला कसं?”

धाकटीने भांडं खाली ठेवलं. उचक्यांमधून एकेक शब्द आला.

“तुमची जीभ वर्षभर सांगत नाहीये, जाऊबाई. तुमचे कान सांगतात.”

थोरलीला समजेना. तेव्हा धाकटीने सगळं सांगितलं. पहिल्या वर्षापासून तिने पाहिलं होतं, थोरलीचं बोट वर येतं त्याच आकड्याला तिच्या कानांचे शेंडे लाल होतात. दहाला बोट, दहाला कान. मग बोट मागे राहायला लागलं आणि कान मात्र आठला, सातला लाल व्हायला लागले. म्हणून ती मागे उभी राहायची. कानांवरून बघायची किती जहाल झालंय, आणि थोरली जेवायला गेली की तेवढं गाजर घालायची. बाटलीत जायचं ते दहाच असायचं. परवा खुर्ची भिंतीला लागली, कान रुमालात गेले आणि गाजरं कुलपात.

“मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर तुम्ही परत त्या खुर्चीवर बसला असता का?” धाकटी म्हणाली. “मला तर हे असं होतं. ह्यांना सगळंच गोड लागतं. तुमच्या कानांशिवाय आमच्याकडे दुसरं माप नाही.”

 थोरलीला लाज वाटली, आणि ती अशी की कुठे ठेवावी कळेना. एक वर्ष ही बाई आपल्या मागे उभी होती आणि आपल्याला ती सुरी घेऊन उभी आहे असं वाटत होतं. आपण शेजारणीसमोर जी म्हण हिच्यावर फेकली, तिचा शब्द न् शब्द ही निभावत होती. आणि जीभ गेली होती. तेही होतंच. ते दुःख तिच्या पोटात आत्ता घेतलेल्या चमच्याबरोबरच जळायला लागलं.

संध्याकाळच्या आत उरलेल्या अर्ध्या पातेल्याचं काय ते करायचं होतं. थोरलीने खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणली. रुमाल सोडला, केस वर घेऊन घट्ट अंबाडा बांधला आणि दोन्ही कान मोकळे केले. मग ती बसली.

“बोट आता मी वर करणार नाही,” ती म्हणाली. “तूच सांग. ये, कानामागे ये.”

धाकटी अजून मधूनच उचकत होती. ती मागे येऊन उभी राहिली. थोरलीने थेंब जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. एक, दोन, तीन. जिभेला काहीच कळत नव्हतं; मागे कोणी आहे एवढंच कळत होतं. चारला एक गार बोट तिच्या कानाच्या शेंड्याला लागलं.

“चार,” धाकटी म्हणाली.

थोरलीने डोळे उघडले नाहीत. खिशातून कोठीची किल्ली काढली आणि खांद्यावरून मागे धरली.