दुसऱ्या खुर्चीसाठी

"तुमच्याकडे एक चांगलं सोल्डरिंग स्टेशन आहे ना? मग हे दुसरं कशाला?" फुकायाबाईंनी विचारलं.

"असावं जोडीला. क्वचित डाक द्यायला," कुरामोची म्हणाले. "म्हणून स्वस्तातलं बघतोय."

ओसूच्या बाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात सुट्या भागांचे खण छतापर्यंत गेले होते आणि फुकायाबाई त्यांच्या मधोमध बसलेल्या असायच्या. नवरा गेल्यापासून दुकान त्याच चालवत होत्या. गिऱ्हाइकाला हवं ते देण्याआधी त्याची उलटतपासणी घ्यायची त्यांची खोड जुनी होती.

"क्वचितच वापरायचं तर महागाच्या नादी लागू नका." त्यांनी दोन यंत्रं पुढे सरकवली. "हे सगळ्यात स्वस्त. तापायला वेळ घेतं, पण तुम्हाला कुठे गाडी गाठायचीय? दोन्हींची टोकं कुठेही मिळतात. ते आधी बघावं. टोक मिळेनासं झालं की अख्खं यंत्र भंगारात."

"आपोआप बंद होतं का?"

"हे नाही होत. ते दुसरं होतं. थोडं महाग आहे. डाक द्यायची दांडी जरा वेळ हलली नाही की यंत्रावरचा दिवा विझतो आणि टोक निवायला लागतं. उचललं की पुन्हा तापतं."

"टेबलावर तशीच टाकली तरी?"

"कुठेही टाका."

"नक्की निवतं ना?"

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "डॉक्टर, तुम्ही झोपेतसुद्धा दांडी जागच्या जागी ठेवाल. हे कोणासाठी चाललंय? आणि हिबिनो कुठे आहेत? दोघं मिळून यायचात, माझं डोकं खायचात."

"त्याचे गुडघे दुखतात," कुरामोचींनी ठोकून दिलं.

"गुडघेदुखीवर आपोआप बंद होणारं यंत्र," बाई पुटपुटल्या. यंत्र बांधताना त्यांनी पुडक्यात एक बारीक टोक टाकलं. "हे माझ्याकडून. जाड टोक असलं की हिबिनो कुरकुरतात."

कुरामोची डॉक्टर होते ते खेळण्यांचे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि हिबिनोंनी वस्तीच्या सभागृहात महिन्यातून एकदा खेळण्यांचा दवाखाना थाटला होता. पांढरे एप्रन, दोन टेबलं, दोन खुर्च्या, समोर आयांचं आणि पोरांचं बाकडं. मुकी झालेली कुत्री, लंगड्या आगगाड्या, डोळे न मिटणाऱ्या बाहुल्या यायच्या, आणि हे दोघं एकमेकांच्या डाकाला नावं ठेवत त्या बऱ्या करायचे. कुरामोचींच्या घरी बोलायला दुसरं कोणी नव्हतं. भाताचा विजेवरचा कुकर तेवढा भात झाला की गाणं वाजवायचा, आणि ते त्यालाच "हो, ऐकलं" म्हणायचे.

वसंतात हिबिनो तापलेली दांडी टेबलावर विसरून घरी निघून गेले. टेबलक्लॉथ पेटला. सभागृहाच्या व्यवस्थापकबाई भल्या होत्या, पण त्यांनी हात जोडले. "आता त्यांच्या हातात गरम काही नको हो."

"आपोआप बंद होणारं आणलं तर?"

"आणा. मग बघू."

एवढ्या "बघू"वर कुरामोचींनी सगळा उन्हाळा काढला. यंत्र आणल्याच्या संध्याकाळी त्यांनी हिबिनोंच्या सुनेला फोन केला.

"काका, बाबांचं आता तसं राहिलं नाही हो," ती म्हणाली. "दिवस दिवस माणसं ओळखत नाहीत. पण आणते मी. जरा बाहेर पडतील."

माणूस हवं तेवढंच ऐकतो. कुरामोचींनी "आणते मी" तेवढं ऐकलं.

दवाखान्याच्या शनिवारी त्यांनी सभागृहात दुसऱ्या टेबलावर नवं यंत्र मांडलं, बारीक टोक बसवलं, दुसरा एप्रन इस्त्री करून खुर्चीच्या पाठीला अडकवला. सुनेचा हात धरून हिबिनो आले. इतक्या महिन्यांनी ते दारात दिसले तसा कुरामोचींनी आवाज चढवला.

"आलात का महाराज! उशिरा येणाऱ्यानं झाडू मारायचा, ठाऊक आहे ना?"

हिबिनो थांबले. मग कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला. परक्या माणसाला करतात तसा, पुरेपूर खाली वाकून.

"बस की लेका," कुरामोचींनी खुर्ची मागे ओढली. "हे बघ, तुझ्यासाठी नवं आणलंय. हलकं आहे."

"छे छे, तिथे कसा बसू? ती डॉक्टरांची खुर्ची." हिबिनो संकोचून हसले. "ते आले म्हणजे काय म्हणतील?"

सून काही बोलायला गेली. कुरामोचींनी मानेनंच नको म्हटलं.

हिबिनो बाकड्यावर जाऊन बसले. शेजारी एक चिमुरडी भुंकेनासं झालेलं कुत्रं छातीशी धरून होती. तिचे डोळे भरलेले बघून ते तिच्याकडे झुकले.

"घाबरू नकोस हं बाळ. इथले डॉक्टर फार हुशार आहेत. दोघंही."

"दुसरे कुठे आहेत?" मुलीनं विचारलं.

दुसऱ्या टेबलावरच्या यंत्राचा दिवा विझला. कुरामोचींनी हात लांबवून दांडी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली. दिवा लागला.

"येतीलच इतक्यात," ते म्हणाले, आणि त्यांनी कुत्र्यासाठी हात पुढे केला.