खालच्या कोपऱ्यातलं नाव

प्रमोदिनी ओव्हाळनं माजिवड्याच्या ऑफिसातली टायपिंगची नोकरी सोडली ती सोमवारी, आणि घरी सांगितलं गुरुवारी. मधले तीन दिवस डबा घेऊन वेळेवर बाहेर पडायची आणि मैत्रिणीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून संध्याकाळी परत यायची. अशी ही पोरगी! भित्री म्हणावी तर चांगली पक्की नोकरी सोडली, आणि धीट म्हणावी तर बापाला सांगायला तीन दिवस लागले.

"मी वेबसाइट बनवणार आहे बाबा," ती म्हणाली. "लोकांच्या धंद्यांच्या. माझा स्वतःचा धंदा."

साल होतं नव्व्याण्णव. डोंबिवलीत तेव्हा वेबसाइट म्हटलं की दहातले नऊ जण डोकं खाजवायचे आणि दहावा उगाच मान डोलवायचा. बाबुराव ओव्हाळांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी चहा संपवला आणि कप विसळून पालथा घातला.

बाबुराव पेंटर. स्टेशनपासून कोपरपर्यंत पश्चिमेला ऐंशीच्या सालांत ज्यानं ज्यानं दुकान उघडलं, त्याचा बोर्ड बाबुरावांच्या हातचा असणार हे धरूनच चालायचं. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'बाबुराव, कोपर' आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर. ती सही बघूनच पुढचं गिऱ्हाईक यायचं. पण मनासारखं काम झालं नाही तर हा माणूस सही करायचा नाही. एका मिठाईवाल्यानं हट्टानं जांभळ्या रंगावर लाल अक्षरं काढून घेतली. पैसे दिले, वर पेढे दिले, सहीसाठी मागे लागला. बाबुराव ढिम्म. तो बोर्ड दहा वर्षं बिनसहीचा लटकत राहिला.

मग कॉम्प्युटरवर कापलेली रेडियमची अक्षरं आली. सकाळी सांगा, संध्याकाळी घ्या, तीही निम्म्या भावात. बाबुरावांचे ब्रश एका पत्र्याच्या डब्यात गेले आणि डबा माळ्यावर. आता सांगा, अशा घरात पोरीनं तोच कॉम्प्युटर आणून मांडावा! सेकंडहँड का असेना. पहिलं पान तयार झालं तेव्हा मागे उभं राहून बाबुरावांनी विचारलं, "यावर सही कुठं करतेस?"

"इथं सही-बिही काही नसतं हो बाबा," ती वळूनसुद्धा न बघता म्हणाली. "आणि हातच्या अक्षरांचे दिवस गेले आता."

बाबुराव गॅलरीत जाऊन उभे राहिले. आपण काय बोलून गेलो ते तिला पुढच्याच मिनिटाला कळलं. पण नोकरी सोडल्याचं सांगायला तीन दिवस घेणारी ही, माफी मागायला सहा महिने झाले तरी तिचं तोंड उघडेना.

गिऱ्हाईक मिळत नव्हतं. गणपती गेले. बाबुरावांनी एकदाच सांगितलं, "दसऱ्याला मी नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार. मी निघेपर्यंत एक तरी गिऱ्हाईक पक्कं उभं कर. नाही झालं तर माजिवड्याच्या साहेबांना फोन लाव, येते म्हणून." साहेब भला माणूस. त्यानंही तिची खुर्ची दसऱ्यापर्यंत रिकामी ठेवायचं कबूल केलं होतं. प्रमोदिनीला त्या खुर्चीचं स्वप्न पडायचं आणि ती दचकून उठायची. परत जायचं नाही, काही झालं तरी नाही, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं.

आणि दसऱ्याला तीन आठवडे असताना दाजी कोळी गळाला लागले. ठाण्याच्या कोळीवाड्यातले. त्यांचा कोळीनाचाचा ताफा होता. मस्कतमधलं मराठी मंडळ डिसेंबरात एक ताफा बोलावणार होतं. उमेदवार तीन, आणि दसऱ्याआधीच्या शुक्रवारी तिथली कमिटी बसून एक निवडणार. दाजींचा जावई मस्कतलाच कामाला. त्यानं कळवलं, वेबसाइट असली तर कमिटीतले लोक आपापल्या घरी बघतील, वजन पडेल.

"पन सगला मराठीत पायजे," दाजी म्हणाले. "आमचा नाच काय इंग्लिशमदी हाय?"

प्रमोदिनीनं आठ पानं केली. कॉम्प्युटर शेजारच्या रामाच्या भाजीच्या टेम्पोत घालून, दोन उशा खाली आणि एक वर, शीळफाट्यावरून ठाण्याला नेला आणि दाजींच्या ओटीवर मांडला. अर्धा कोळीवाडा जमला. ताफ्यात गाणारी जनी स्वतःचा फोटो बघून लाजून पळाली, आणि परत येऊन चार वेळा बघून गेली. दाजींनी मॉनिटरला हळद-कुंकू लावलं आणि समोरच नारळ फोडला. पाणी कीबोर्डात जाऊ नये म्हणून प्रमोदिनीनं ओढणी आडवी धरली. वाहवा झाली, पोटभर जेवण झालं. घरी येऊन तिनं ती पानं इंटरनेटवर चढवली आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

मंगळवारी सकाळी दाजींचा फोन.

"पोरी, काय लिवलंस गो? जावई सांगतंय, फोटू बरं दिसतान, पन खाली निस्ती किडामुंगी!"

प्रमोदिनी तशीच चपला अडकवून सायबर कॅफेत धावली. तिथल्या कॉम्प्युटरवर पान उघडलं आणि तिला दरदरून घाम फुटला. जनी हसतेय, दाजी वल्हं धरून उभे आहेत, आणि त्यांच्या खाली उलटेसुलटे इंग्रजी तुकडे, टिंबं, रेघा, पौंडाचं चिन्ह. एक मराठी अक्षर असेल तर शपथ!

चूक साधी होती आणि भयंकर होती. मराठी फॉन्ट तिच्या कॉम्प्युटरात भरलेला होता, म्हणून तिथं मराठी दिसायचं. जगातल्या बाकीच्या कॉम्प्युटरांत तो नव्हता. आणि या शहाणीनं आपलं काम बघितलं ते फक्त आपल्या कॉम्प्युटरवर, कोळीवाड्याला दाखवायलासुद्धा तोच उचलून नेला! ती स्वतःवर इतकी चिडली की कॅफेतून घरापर्यंत मोठ्यानं बोलत आली.

हातात तीन दिवस. त्यातही शुक्रवारी डोंबिवलीची लाईट जाणार, दर शुक्रवारी जायची, म्हणजे खरे दोनच. उपाय एकच होता. अक्षरांचे फोटो करायचे. फोटो कुठंही दिसतो, त्याला फॉन्ट लागत नाही. तिनं त्याच फॉन्टातल्या ओळींचे फोटो करून बघितले. लहान केले तर मात्रा आणि वेलांट्या एकमेकींत घुसून नुसते डाग दिसायला लागले. मोठे केले तर पान इतकं जड, की उघडेपर्यंत कमिटीचा चहा होऊन जाईल. दुपारपर्यंत ती झुंजली. मग उठली, स्टूल घेतलं आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला.

बाबुराव पेपर वाचत होते. तिनं डबा त्यांच्यासमोर ठेवला.

"बाबा, मी बोलले ते चुकलं. तेव्हाच कळलं होतं, पण लाज वाटली. हातच्या अक्षरांचे दिवस गेले नाहीत, माझीच अक्कल गेली होती. मला तुमची अक्षरं पाहिजेत. परवापर्यंत पाहिजेत." आणि मग तिला रडू आलं. काय करणार, सहा महिने आत साठलेलं होतं.

बाबुरावांनी पेपरची घडी घातली. डबा उघडून ब्रशाचे केस अंगठ्यावर फिरवून बघितले. "मजकूर दाखव," ते म्हणाले.

तिनं कागद दिला. त्यांनी वाचला आणि कपाळाला हात लावला. "एवढं? अगं, हे कोण वाचणार? बोर्ड रिक्षातून जाणाऱ्याला वाचता आला पाहिजे. रिक्षा थांबत नाही."

"बाबा, हा बोर्ड नाहीये."

"मस्कतचा माणूस तुझ्यासाठी थांबणार आहे?"

तिनं पेन्सिल आणली. बापलेक जमिनीवर बसले. दहा ओळींच्या चार झाल्या, चारांच्या दोन. पहिल्या पानावर एवढंच उरलं: 'दर्यावरून थेट तुमच्या अंगणात.' मग बाबुरावांनी पांढऱ्या कार्डशीटवर काळ्या शाईनं लिहायला घेतलं. तीन वर्षं ब्रश माळ्यावर होते, तरी हात जराही ढळला नव्हता. जाड रेघ कुठं द्यायची, मात्रा किती उचलायची, दोन अक्षरांत वारा किती ठेवायचा, सगळं जागच्या जागी. प्रमोदिनी बघत राहिली. लहानपणी शिडी धरून असंच बघायची.

गुरुवारी सकाळी आठ कार्डं घेऊन ती डीटीपीवाल्याकडे पळाली. त्यानं स्कॅन केली, लहान केली, फ्लॉपीत घालून दिली. प्रत्येक कार्डाच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक सही आणि घरचा फोन नंबर होता. बाबांनी सही केली, म्हणजे काम पसंत! तिचा ऊर भरून आला, पण वाचत बसायला वेळ कुणाला होता? सही तिनं तशीच पानाच्या खाली राहू दिली. इंटरनेटची लाईन तीनदा तुटली. तिनं चौथ्यांदा लावली. दुपारी चारला आठही पानं चढली.

या वेळी ती घरी थांबली नाही. सायबर कॅफेत गेली आणि शेजारच्या खुर्चीवरच्या कॉलेजच्या अनोळखी मुलीला म्हणाली, "हे जरा वाचून दाखवतेस?" मुलीनं पहिलं पान वाचलं, घडाघडा, एकदाही न अडखळता. मग विचारलं, "कोणी लिहिलंय हो? भारी आहे." प्रमोदिनीनं तिला तिथल्या तिथं लिम्का पाजला. पुढं तिनं कितीतरी कामं केली, पण परक्या कॉम्प्युटरवर परक्या माणसानं वाचल्याशिवाय एकही गिऱ्हाइकाच्या हाती दिलं नाही.

शुक्रवारी लाईट गेलेलीच होती. बाबुराव नागपूरची पिशवी भरत होते, रात्रीची गाडी होती. ती फोनशेजारी बसून होती. सहा वाजता फोन वाजला.

"पोरी!" दाजी ओरडत होते, मागे कुणीतरी ढोल बडवत होतं. "आमीच! आमालाच बोलावलान!"

तिनं फोन ठेवला आणि वडिलांकडे बघून नुसती मान हलवली. बाबुरावांनी हातातला सदरा तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात पुन्हा फोन. आवाज लांबचा, घरघरणारा.

"मस्कतहून मराठी मंडळाचा सेक्रेटरी बोलतोय. आमच्या मंडळाची वेबसाइट करायची आहे, अश्शीच, याच अक्षरांत. पानाखाली नाव आणि हा नंबर दिसला. प्रमोदिनी आपणच का?"

"ते नाव बाबुराव असेल," ती म्हणाली. "माझे वडील. अक्षरं त्यांची आहेत."

"नाही हो. समोरच आहे माझ्या. 'प्रमोदिनी, कोपर.' आठही पानांवर."

तिनं रिसीव्हर छातीशी धरला. "बाबा, सही माझी केलीत?"

बाबुरावांनी सदरा पिशवीत घातला, चेन लावली. "तुलाच वाटत होतं ना, तिथं सही नसते म्हणून," ते म्हणाले. "काम पसंत पडलं. केली. आता त्या माणसाला ताटकळत ठेवू नकोस, आणि त्याचं झालं की माजिवड्याला फोन लाव. खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं."

प्रमोदिनीनं ओढणीनं डोळे पुसले आणि रिसीव्हर कानाला लावला.

"हो," ती म्हणाली. "प्रमोदिनी, कोपर. मीच बोलतेय."